टपालाने टक्का वाढत नसतो

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम या वस्तीत आमची आतेबहीण राहते. शिंद्यांच्या काळात उत्तरेत जाऊन तिथलीच झालेली जी मराठी घराणी आहेत, त्यांपैकी एका घरात ती दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, बँकेतून निवृत्त झालेले. वाचन दांडगे, मते त्याहून दांडगी. ७ मे २०२४ रोजी गोव्यात आणि ग्वाल्हेरात एकाच दिवशी लोकसभेचे मतदान झाले. तेव्हापासून फोनवर आमचा एक वाद चालू आहे आणि तो काही मिटत नाही. भावोजींचे म्हणणे असे : "मतपत्रिका टपालाने घरी पाठवा. चहा पिता पिता खूण करू, पाकिटात घालू, पेटीत टाकू. मग बघ, टक्का नव्वदाच्या वर जातो की नाही!"

असे म्हणणारे भावोजी एकटे नव्हेत. पणजीच्या चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीवरच्या चर्चेपर्यंत हा उपाय हल्ली सगळीकडे ऐकू येतो. माझे मत नेमके उलट आहे. गेली वीसेक वर्षे सरकारी कचेरीत खर्डेघाशी करतो आहे, निवडणुकीची ड्युटी चुकलेली नाही आणि टपाली मतदान मी पाकिटाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी आकडे पाहू. ग्वाल्हेर लोकसभा मतदारसंघात २०१४ साली जेमतेम ५३ टक्के मतदान झाले होते. २०२४ मध्ये ते ६२च्या आसपास पोचले. त्याच दिवशी गोव्याने ७६ टक्के मतदान केले. यंत्र तेच, आयोग तोच, सुट्टी तीच. ऊन म्हणाल तर मे महिन्यात ग्वाल्हेरचे ऊन आपल्याला नको रे बाबा, पण गोव्यातही त्या दिवशी घामाच्या धारा लागल्या होत्याच. मतदान केंद्र मतदाराच्या घरापासून साधारण दोन किलोमीटरच्या आत असावे हा आयोगाचा दंडक दोन्हीकडे सारखा. शहरातल्या वस्तीत तर केंद्र हाकेच्या अंतरावर असते. जो माणूस रोज सकाळी तीन किलोमीटर फिरायला जातो, त्याला अर्धा किलोमीटर चालणे जड म्हणून तो मत देत नाही, हे मला पटत नाही. त्याचे पाय दुखत नाहीत, त्याला जावेसे वाटत नाही. हा रोग पाकिटाने बरा होणारा नाही.

बाहेरच्या जगात हा उपाय करून झालेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये मतपत्रिका घरपोच येते आणि बहुतेक मतदार टपालानेच मत देतात. भावोजींच्या स्वप्नातला देश! पण २०२३ साली त्यांच्या संसदेच्या निवडणुकीत ४७ टक्केसुद्धा मतदान झाले नाही. ब्रिटनने मागेल त्याला टपाली मत द्यायचा कायदा केला, आणि लगेचच्या २००१ सालच्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्या खाली घसरले. वर २००४ साली बर्मिंगहॅमच्या पालिका निवडणुकीत टपाली मतांचे घोटाळे झाले आणि न्यायालयाला निकाल रद्द करावे लागले. अमेरिकेत काही राज्यांनी सर्व मतदारांना मतपत्रिका घरी पाठवायला सुरुवात केली, तिथे दोनेक टक्क्यांची वाढ दिसल्याचे काही अभ्यासक सांगतात. दोन टक्के! घोडामैदान फार लांब नाही, एवढेच त्यातून कळते. ज्या देशात टक्का खरोखर उडी मारून वर गेला तो ऑस्ट्रेलिया. १९२२ साली तिथे साठ टक्केही मतदान नव्हते, १९२४ साली मतदान सक्तीचे केले आणि १९२५ साली ते ९१ टक्क्यांवर गेले. ते दंडाचे काम, टपालाचे नव्हे. आपल्याकडे गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा करून पाहिला, त्याला २०१५ साली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तेव्हा तो रस्ताही तूर्त बंद.

मग गोव्यात एवढे मतदान का होते? आपण काही जन्मतःच थोर लोकशाहीवादी नाही. याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. २०२४ साली आपल्याकडे साडेअकरा लाखांहून अधिक मतदारांसाठी विधानसभेच्या चाळीस जागा होत्या. म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांच्या आत मतदार. मध्य प्रदेशात तेव्हा साडेपाच कोटींहून अधिक मतदारांसाठी २३० जागा, म्हणजे एका आमदारामागे सव्वादोन-अडीच लाख! आपला उमेदवार आपल्या सोप्यावर येऊन बसतो. त्याला आपल्या आजीचे नाव ठाऊक असते, बारशाला आला नाही तर तेराव्याला तरी येतोच. गटार तुंबले तर त्याच्या घरी जाऊन भांडता येते. पंचायत निवडणुकीत तर उमेदवार वाड्यावरचाच, अनेकदा चुलतभाऊच. लोक ओळखीच्या माणसाला पाडायला किंवा निवडून आणायला चालत जातात. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांहून अधिकांनी मत दिले, म्हणजे ऐंशीच्या वर टक्के. तेव्हा कुठले आले होते घरपोच पाकीट? फूल की दोन पाने हा प्रश्न घराघरात पेटलेला होता. विलीनीकरणवाले हरले, आमच्यासारख्या मराठीवाल्या घरांत त्या रात्री चूल पेटली नसेल, पण घरी कोणी बसून राहिले नव्हते.

आता खरी मेख इथे आहे. ज्या जवळिकीमुळे गोव्यात टक्का वाढतो, त्याच जवळिकीमुळे घरपोच मतपत्रिका गोव्यासाठी घातक आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कोणाच्या उपकाराखाली आहे, कोणाच्या मुलाची नोकरी कोणी लावली, कोणाच्या घराचा परवाना अडला आहे, हे गावाला पाठ असते. अशा ठिकाणी माणूस स्वतंत्र असतो तो मतदान केंद्रातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, वर्षानुवर्षांतून अर्धा मिनिट. तेवढाच अर्धा मिनिट त्याचा मालक, त्याचा भाटकार, त्याचा पंच, त्याचा बापसुद्धा त्याच्या खांद्यावरून पाहू शकत नाही. तो आडोसा काढून घेतला आणि मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवली, की घरात एकच मत उरते. बाकीची मते म्हणजे त्याच्या झेरॉक्स प्रती!

ही कल्पनेतली भीती नव्हे. निवडणुकीच्या ड्युटीवरच्या आम्हा कर्मचाऱ्यांना टपाली मतपत्रिका मिळते. एका निवडणुकीत माझ्या हाती ते पाकीट आल्यावर दोन दिवसांत तिघांचे फोन आले. पक्षाचे नाव लिहीत नाही, कारण तीन फोन तीन वेगळ्या पक्षांचे होते. यादी त्यांच्याकडे कशी गेली हे देवाला ठाऊक. एकाने तर, "साहेबांकडे आणून द्या, तुमचा त्रास वाचेल," असे गोड शब्दांत सुचवले. मतदानाच्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला असा फोन येत नाही. आणि २०१७ साली काय झाले आठवते ना? ४ फेब्रुवारीला मतदान आणि ११ मार्चला मोजणी. टपाली मत मोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत पोचले तरी चालते. म्हणजे बाकीच्या गोव्याने मत देऊन झाल्यावर पस्तीस दिवस सरकारी नोकराचे मत बाजारात उघडे! त्यावर राजकीय पक्षांनी तक्रारी केल्या नसत्या तरच नवल.

शिवाय टपाली मत वाटते तितके सोपेही नाही. मतपत्रिका एका पाकिटात, त्यावर अनुक्रमांक. सोबत प्रतिज्ञापत्र, त्यावर आपली सही आणि ती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. साक्षांकन राहिले, क्रमांक जुळला नाही, की मतपत्रिकेचे पाकीट न उघडताच मत बाद. शिकलेसवरलेले कर्मचारी इथे चुकतात, तर आमच्या गावच्या सत्तरीच्या काकूंनी काय करावे? केरळात पेरिंथलमण्णा मतदारसंघात २०२१ साली निकाल ३८ मतांनी लागला आणि बाद झालेली टपाली मते होती ३४०हून अधिक. खटला उभा राहिला, आणि २०२३ साली त्या मतांची एक पेटी कोषागारातून नाहीशी होऊन भलत्याच सरकारी कचेरीत सापडली. भावोजींच्या मध्य प्रदेशात बालाघाटला नोव्हेंबर २०२३ मध्ये मोजणीच्या आधीच टपाली मतपत्रिका बाहेर काढून हाताळल्याची चित्रफीत फिरली. ते केवळ मतदारसंघवार वर्गीकरण होते असा खुलासा झाला, तरीही एका अधिकाऱ्याला निलंबित करावे लागले. हेतू शुद्ध असेलही. पण संशयाला पाकीट पुरते.

आणि संशय आपल्याला परवडणारा नाही. २०२२च्या विधानसभेत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. खुद्द ग्वाल्हेर शहरात ग्वाल्हेर दक्षिणची जागा २०१८ साली १२१ मतांनी ठरली. जिथे काठ इतका बारीक, तिथे प्रत्येक मत भिंतीआड दिलेलेच हवे. २०२३ साली नियम बदलला आणि ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांनी पाकीट घरी न नेता सुविधा केंद्रातच मत द्यावे असे ठरले. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सर्वांत शहाणी सुधारणा. म्हणजे आयोगाने पाकीट घरातून काढून पुन्हा आडोशामागे नेले, आणि आमचे सुशिक्षित मित्र मात्र सगळ्या देशाची मतपत्रिका घरात आणायला निघाले आहेत!

८५ वर्षांवरील वृद्ध आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार यांच्या घरी कर्मचारी जाऊन मत घेतात, ते योग्यच आहे. तिथे अधिकारी असतात, आडोसा असतो, चित्रीकरण असते. ते चालते-फिरते मतदान केंद्र झाले. त्याने टक्का फारसा हलत नाही, आणि हलावा म्हणून ते केलेलेही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

टक्क्याचे तरी एवढे काय घेऊन बसलात? टक्का म्हणजे भागाकार, आणि भागाकारात छेद चुकला की उत्तर चुकते. समजा एका केंद्राच्या यादीत हजार नावे आहेत. त्यांपैकी शंभर मयत, परगावी गेलेले किंवा दुबार. सातशेंनी मत दिले. कागदावर टक्का सत्तर. ती शंभर नावे काढा, टक्का जवळजवळ अठ्ठ्याहत्तर. एकही माणूस जास्त चालत आला नाही! २०२५च्या अखेरीस गोव्यात आणि मध्य प्रदेशातही यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. गोव्याच्या मसुदा यादीतून सुमारे एक लाख नावे गळाली. यापुढच्या निवडणुकीत टक्का वाढला तर ढोल बडवण्यापूर्वी आधी छेद पाहा. आणि त्या गळतीत खराखुरा राहणारा मतदार गळला असेल, तर वाढलेल्या टक्क्याहून मोठे पाप नाही.

मग काही सुधारणा नकोच का? हवी. पण ज्याला मत द्यायचे आहे आणि देता येत नाही, त्याच्यासाठी हवी. आमचा तारवटी घ्या. सहा-सहा, नऊ-नऊ महिने जहाजावर. सैन्यातल्या जवानाला आणि परदेशी नेमणुकीवरच्या सरकारी नोकराला मतपत्रिका पाठवण्याची सोय आहे, व्यापारी जहाजावरच्या गोंयकाराला नाही. आखातात राबणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१०च्या दुरुस्तीने यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला विमानाचे तिकीट काढून गावच्या शाळेत यावे लागते. वेर्ण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या परप्रांतीय मजुराचे नाव त्याच्या गावी, तो इथे. १९६७ साली गोव्याबाहेरच्या गोमंतकीयांना मत हवे अशी मागणी झाली आणि ती नाकारली गेली. २०२३ साली नेमक्या १६ जानेवारीलाच आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राच्या चर्चेसाठी पक्षांना बोलावले, विरोध झाला आणि गाडे तिथेच रुतले. बाहेरच्या माणसाच्या मताचे भिजत घोंगडे छपन्न वर्षांनंतरही भिजतच!

या लोकांसाठी वकिलातीत, बंदरात, परराज्यातल्या जिल्हाधिकारी कचेरीत मतदानाची खोली उघडा. आडोसा ठेवा, प्रतिनिधी बसवा. यंत्र नको तर कागदी मतपत्रिका द्या. खर्च होईल, होऊ दे. यांच्यामुळे टक्का अर्ध्यानेही वाढला नाही तरी ते करावेच लागेल, कारण मत हा नागरिकाचा हक्क आहे, आयोगाच्या प्रगतिपुस्तकातला गुण नव्हे.

आणि ज्यांच्या घरापासून केंद्र पाच मिनिटांवर आहे त्यांच्यासाठी? त्यांच्यासाठी पालिका-पंचायतीला खरे अधिकार द्या, निवडणुका वेळेवर घ्या, नगरसेवकाला दारात जाब विचारता येईल असे प्रभाग लहान ठेवा. मत दिल्याने गल्लीतला दिवा लागतो असे एकदा दिसले की माणूस छत्री घेऊन रांगेत उभा राहतो. तोवर त्याच्या घरी पाकीट पाठवाल, तर ते वीजबिलाखाली पडून राहील. किंवा वाईट म्हणजे, कोणीतरी दुसराच येऊन ते भरून नेईल.