हमी नसलेली सुटी

वार्षिक परीक्षा संपल्या की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न दरवर्षी न चुकता उपस्थित होतो : यंदा मुलांना घेऊन जायचे कोठे? एके काळी हा प्रश्नच नव्हता. आजोळ होते, आजोळी विहीर होती, आंबा-फणस होते आणि दुपारभर कोणी शोधायला येणार नाही इतके मोकळे रान होते. पुढे मामाच नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आला, वाडीच्या घराला कुलूप लागले, आणि सुटी ही उपभोगण्याची गोष्ट न राहता विकत घेण्याची वस्तू झाली. वस्तू विकत घ्यायची म्हटली की ग्राहकाचे सारे हिशेब तिला लागू होतात. किती दिवस, किती स्थळे, भाड्यात काय काय समाविष्ट, आणि दिलेल्या पैशात काय दिसण्याची हमी? अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या हिशेबाला नावे ठेवू नयेत हे खरे. तथापि काही वस्तू अशा असतात की त्यांना हमी चिकटविली की त्या वस्तूच उरत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले येथे सहकुटुंब काढलेल्या तीन दिवसांत प्रस्तुत लेखकाला याचा जो प्रत्यय आला, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आंजर्ले हे दापोली तालुक्यातील गाव. एका अंगाला जोग नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वर टेकडीवर कड्यावरचा गणपती. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील वाड्या अक्षरशः झोपविल्या. पिढ्यान् पिढ्यांचे उत्पन्न एका दिवसात आडवे झाले. नारळाचे रोप लावले तर फळ धरण्यास काही वर्षे जातात, तोवर घर चालायचे कशावर? अशा गावाला पर्यटकाचा पैसा किती मोलाचा असेल, हे वेगळे सांगावयास नको. पुढील विवेचन वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानी असावी.

आंजर्ल्याच्या पुळणीवर ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या अंडी घालण्यास येतात. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी मादी वाळूवर चढते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणूसही काढून नेई. उरलेली कोल्हे-कुत्र्यांच्या तोंडी पडत. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ सालापासून ग्रामस्थांच्या साहाय्याने ही घरटी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. वेळासचा हा कित्ता पुढे आंजर्ल्यानेही गिरविला. आता अंडी सापडताच ती कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालून ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात. सकाळी व संध्याकाळी टोपली उचलावयाची, आणि खाली पिल्ले असतील तर ती लाटांच्या अलीकडे वाळूवर सोडावयाची. तेथून पाण्यापर्यंतचे अंतर ती स्वतःच चालून जातात. पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभे राहून पाहावयाचे, एवढाच काय तो सोहळा.

आम्ही उतरलो होतो एका ग्रामस्थाच्या घरी. पहिल्या दिवशी पहाटे मुलांना उठवून पुळणीवर गेलो. टोपली उचलली, खाली नुसती वाळू. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. धाकट्या मुलीने यजमानांना विचारले, “काका, उद्या तरी येतील ना?” ते म्हणाले, “ते आपल्या हातात नाय गो बाय. त्यांची वेळ झाली की येतील.” त्याच सकाळी मोटारीने आलेले एक गृहस्थ राखणदाराशी हुज्जत घालीत होते. इतक्या लांबून आलो, मुलांची शाळा बुडविली, तेव्हा थोडी वाळू उकरून पिल्ले दाखवावयास काय हरकत आहे, वाटल्यास वेगळे पैसे घ्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. राखणदाराने आवाज न चढविता नकार दिला. गृहस्थ पैसे वाया गेल्याचे बोलून दाखवीत निघून गेले. त्यांची मोटार थेट पुळणीवर आणलेली होती आणि तिच्या चाकांच्या चऱ्या ओल्या वाळूत लांबवर उमटल्या होत्या.

त्या गृहस्थांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु विचार केला तर ते आपल्यापैकीच एक होते. पैसे दिले की वस्तू मिळालीच पाहिजे, हा बाजाराचा नियम ते अगदी प्रामाणिकपणे पाळीत होते. नवल करावयाचे ते राखणदाराचे. ज्याला पैशाची निकड अधिक, त्याने समोर आलेला पैसा नाकारला. कारण जे विकण्याजोगे नाही ते एकदा विकले की पुढल्या वर्षी विकावयास काहीच उरणार नाही, हे त्याला आपल्याहून चांगले कळत होते.

अर्थशास्त्रात सामाईक मालमत्तेचा प्रश्न जुना आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, सर्वांच्या मालकीचे कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी अखेर उजाड होते. त्यावर उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी अंमल, असे अनेक वर्षे मानले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरची उदाहरणे तपासून दाखविले की, गावकरी आपले नियम आपण करून कुरणे, पाणी, मासेमारी पिढ्यान् पिढ्या राखू शकतात. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आंजर्ल्याची दोरी हा असाच एक नियम आहे. मात्र त्यात एक अडचण आहे. गावकऱ्याने गावकऱ्यासाठी केलेला नियम टिकतो, पण पाहुणा हा एका दिवसाचा असतो. कुरण उजाड झाले तर तो पुढल्या वर्षी दुसऱ्या कुरणावर जाईल.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नॉर्वे-स्वीडनच्या निर्जन प्रदेशांत उन्हाळ्यात, जेव्हा मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही तेव्हा, मुलांना बरोबर घेऊन तंबू व शिधा पाठीवर लादून हिंडणारी कुटुंबे दिसतात. स्वीडनमधील सारेक हे राष्ट्रीय उद्यान १९०९ साली स्थापन झाले. तेथे आजही आखलेल्या पायवाटा नाहीत की मुक्कामाची सोय नाही. डासांच्या झुंडी मात्र मुबलक. ज्यांच्याकडे पैसा आपल्याहून कितीतरी अधिक, त्या देशांनी ही गैरसोय बुद्ध्याच राखली आहे. नॉर्वेने १९५७ साली कायदा करून मोकळ्या रानातून हिंडण्याचा हक्क प्रत्येकास दिला आणि त्याच कायद्यात रानाला इजा न करण्याची व इतरांना उपद्रव न देण्याची जबाबदारीही घातली. हक्क व कर्तव्य एकाच कागदावर आहेत, आणि दोन्हींचे शिक्षण तेथील मुलाला आई-बापांच्या मागून चालताना मिळते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिलेले आहे. किनाऱ्यावरील बांधकामाला १९९१ सालापासून निर्बंध आहेत, आणि २०१९ च्या अधिसूचनेनेही कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील वर्गात ठेवली आहेत. परंतु कायदा काठावर उभा असतो, मागणी मात्र रोज भरतीसारखी येते. आज पुळणीवर चहाची टपरी हवी, उद्या दिवे हवेत, परवा यांत्रिक जलक्रीडा हव्यात. यांतील दिवे ही तर कासवांच्या दृष्टीने साक्षात आपत्ती. नुकती बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात. काळोख्या किनाऱ्यावर उजळ असतो तो समुद्र. मागे विजेचा झगमगाट असेल तर ती उलट दिशेने जमिनीकडे वळतात व मरतात. हजार पिल्लांतून एखादेच वयात येते असे मानले जाते. त्या एकाची वाटही आपण आपल्या सोयीसाठी चुकवावी काय?

कोणी म्हणेल, गावाला पैसा हवा आहे, मग अधिक सोयी केल्याने अधिक लोक येतील, त्यात गावाचे नुकसान ते काय? उत्तर असे की, सोयीचे हॉटेल आणि झगमगता किनारा पर्यटकाला शंभर ठिकाणी मिळतो, आणि त्यासाठी लागणारे भांडवल गावाबाहेरून येते. त्याचा नफाही बाहेरच जातो. घरगुती निवासाचे तसे नाही. तेथे भात, सोलकढी, मोदक यांचे पैसे रांधणाऱ्या गृहिणीच्या हाती पडतात. आंजर्ल्याकडे जी वस्तू आहे ती म्हणजे काळोख, मोकळी वाळू आणि अनिश्चितता. ती अन्यत्र दुर्मीळ होत चालली आहे, आणि दुर्मीळतेलाच मोल असते.

तेव्हा करावयाचे काय? मोटार वाळूवर नेणे ग्रामपंचायतींनी व पोलिसांनी मिळून कायमचे बंद करावे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पुळणीकडे तोंड असलेले दिवे रात्री मालवावेत. दोरीपाशी एका वेळी किती माणसे उभी राहतील याची मर्यादा गावाने ठरवावी व ती पाहुण्यांनी निमूटपणे पाळावी. शाळांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पिल्ले बाहेर पडण्याचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नेमका परीक्षांचा. मेच्या सुटीत फार थोडी घरटी शिल्लक असतात. वर्षातून दोन दिवस मुलांना अशा ठिकाणी नेण्यास रजा दिली तर अभ्यासक्रम बुडणार नाही. आणि आपण शिक्षक-कारकून मंडळी रजा प्रवास सवलतीचा हिशेब मांडताना सात दिवसांत अकरा स्थळे उरकण्याऐवजी एका ठिकाणी तीन दिवस राहू शकलो, तर खर्च कमी होऊन पदरात अधिक पडेल.

जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘सावनी’ ठेवले होते. त्याच सुमारास वेळासला ‘प्रथमा’ हिच्यावर असेच यंत्र बसविले गेले. पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग. ही जनावरे शेकडो मैल समुद्र ओलांडतात, आणि मादी वयात आल्यावर बहुधा जेथे जन्मली त्याच किनाऱ्याच्या परिसरात अंडी घालण्यास परतते असे शास्त्रज्ञ मानतात. त्याला बरीच वर्षे लागतात. आज दोरीमागे उभी असलेली मुले तोवर मतदार, ग्राहक, कदाचित आई-बापही झालेली असतील. पुळण काळोखी ठेवावयाची की नाही, हे तेव्हा तीच ठरवतील. काय पाहून त्यांनी ते ठरवावे, हे मात्र आज आपल्या हाती आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे टोपलीखाली नऊ पिल्ले होती. ती पाण्यात जाईपर्यंत कोणी बोलले नाही. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी मुलीला विचारले, काय पाहिलेस? तिने सांगावयास सुरुवात केली ती त्या दोन रिकाम्या सकाळींपासून. वाट पाहण्याचे हे शिक्षण कोणत्याही वर्गात देता येत नाही, हे वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.