प्रसाद आणि उचल

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवर ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्तीत एखाद-दुसरं घर उपासनेला जाणारं. बाकी गाव गावदेवाचं, वाघबारशीचं, पौषातल्या म्हसा यात्रेचं. अशा घरापुढे वारंवार असे प्रश्न येतात की ज्यांचं थेट उत्तर पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही. शेजारणीने यात्रेहून आणलेला प्रसाद घ्यायचा का? वाघबारशीची वर्गणी द्यायची का? सख्ख्या भावाच्या लग्नात देवक बसवताना मांडवात थांबायचं का? चोरी-व्यभिचाराबद्दल कुणाचं दुमत नसतं, घोळ होतो तो या मधल्या पट्ट्यात. तिथे चर्चच्या मंडळीत सहसा एकच सल्ला मिळतो: शंका आली की लांब राहा. हा सल्ला अपुरा आहे, आणि तो ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी जात नाही, असं माझं मत आहे. ‘मला विटाळ होतो का’ हा प्रश्न मागे ठेवून ‘माझ्या निर्णयाने दुबळ्याचं काय होतं’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. तो विचारला की प्रसादाचा प्रश्न आपोआप लहान होतो आणि वीटभट्टीच्या उचलीचा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या कर्जाचा, प्रश्न केवढा मोठा आहे ते दिसू लागतं.

प्रेषित पौलाने हा गुंता पहिल्या शतकातच सोडवायला घेतला होता. करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेलं मांस बाजारात विकलं जाई आणि ते खावं की नाही यावरून मंडळीत दोन तट पडले होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने एकच नियम सरसकट लावला नाही, तीन ठिकाणं वेगळी केली. देवळातल्या पंगतीला उपासक म्हणून बसू नका; बाजारात मिळतं ते चौकशा न करता घ्या; कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, मात्र ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी थांबा. मांस तिन्ही ठिकाणी तेच असलं तरी निर्णय बदलतो, कारण समोरचा माणूस आणि त्याच्याशी असलेलं नातं बदलतं. ज्याची सद्सद्विवेकबुद्धी अजून कोवळी आहे त्याला ठेच लागत असेल तर आपण आयुष्यभर मांस सोडू, अशी पौलाची तयारी होती. तेवढ्याच ठामपणे त्याने हेही सांगितलं की अन्न खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने कुणी देवाच्या जास्त जवळ जात नाही.

हा विवेक सोडून यादी केली की काय होतं ते आपल्याच किनारपट्टीने पाहिलं आहे. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने काढलेल्या हुकुमात अंगणातली तुळस, लग्नातल्या ओव्या, मिठाविना शिजवलेला भात, ख्रिस्ती माणसाने घरात नेसलेलं धोतर अशा बाबींवर बंदी आली. शेजाऱ्याला शेजाऱ्याची चहाडी करायला त्यातून वाव मिळाला. याउलट उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नांत ‘उंबराचं पाणी’ वाजतगाजत आणण्याची रीत टिकून आहे आणि तिच्यामुळे कुणाची श्रद्धा डळमळली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. दरम्यान लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याकडे राहायला आल्या तेव्हाही त्यांनी सोवळं पाळलं, आणि जातिभेद माणसाने केला आहे हे त्यांचं त्यांना उमगलं तेव्हाच ते सोडलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी तर ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नाही. या दोघींच्या श्रद्धेचं खरेपण कुठल्या यादीवर घासून ठरलं नाही.

त्यामुळे प्रसादाबद्दल माझा कौल स्पष्ट आहे. शेजारणीने मायेने हातावर ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा ही शेजारधर्माची गोष्ट आहे, तो घ्यावा. देवक बसतं तेव्हा भाऊ म्हणून मांडवात थांबावं, पूजेला हात लावू नये. अरामी सेनापती नामान आपल्या राजाला आधार देत रिम्मोनाच्या देवळात वाकणार होता. त्याने आधीच क्षमा मागितली तेव्हा अलीशाने त्याला शांतीने जा म्हणून निरोप दिला, ही कथा याच पेचाची आहे. वर्गणीचं म्हणाल तर गावजेवणाला, दिवाबत्तीला किंवा पाण्याच्या टाकीला आपला वाटा द्यावा आणि तो कशासाठी देतो ते पंचांना सांगावं. गावापासून तुटलेलं घर अधिक पवित्र होत नाही, फक्त एकटं पडतं.

आता उचलीकडे येऊ. मंडळीत जेवढी चर्चा प्रसादाची होते तेवढी हिची व्हायला हवी. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर अख्खं कातकरी कुटुंब, शाळेतल्या पोरांसकट, भिवंडी-कल्याणकडच्या किंवा आणखी लांबच्या भट्टीवर जातं. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब मात्र हंगाम सरल्यावर होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर चढते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दबातल ठरवलं आहे. १९८२ साली एशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत करून घेतलेल्या कामालाही वेठच म्हटलं. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. तरीही पहाटे भट्टी सोडून पळून आलेल्या कुटुंबाकडे गाव फसवणूक करणारे म्हणून बघतं. ते कुटुंब उपासनेला जाणारं असेल तर त्याच्या मनात आणखी एक काटा सलतो: आपण दिलेला शब्द मोडला.

त्या कुटुंबाने पाप केलं असं मी म्हणणार नाही. शब्द पाळावा हे खरंच, नुकसान सोसूनही पाळावा असं पंधरावं स्तोत्र सांगतं. पण तेच स्तोत्र लगेच पुढे व्याजाने पैसा देणाऱ्याला आणि निरपराध्याविरुद्ध लाच घेणाऱ्याला देवाच्या डोंगरावर जागा नाकारतं. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दळायचं जातं गहाण ठेवून घ्यायला मनाई आहे आणि गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यायची आज्ञा आहे. दुष्काळात शेतं आणि लेकरं गहाण पडली तेव्हा नहेम्याने धनकोंना सगळ्यांदेखत जाब विचारला आणि घेतलेलं परत करायला लावलं. ऋणकोंना त्याने शब्दाची आठवण करून दिली नाही. भुकेल्या माणसाचा अंगठा आणि पोट भरलेल्याची वही यांच्यातल्या व्यवहाराला करार म्हणणं मला मान्य नाही. मंडळीने काटा काढायचा तो मजुराच्या मनातला, आणि जाब विचारायचा तो मुकादमाला. मुकादम आपल्याच मंडळीतला असेल तर आधी त्याला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. भगताच्या आणि भुताखेताच्या धाकातून नुकत्याच सुटलेल्या माणसाला ठाम रेघ लागते; त्याला मोकळीक दिली तर तो जुन्या भीतीत परत जाईल. मला हा आक्षेप मान्य आहे. अशा माणसाने प्रसाद घेऊ नये आणि त्याच्यासमोर इतरांनीही घेऊ नये. पौलाचं म्हणणं नेमकं हेच होतं. पण हे त्या माणसासाठी, त्याच्या बरं होण्याच्या काळापुरतं करायचं; त्यावरून साऱ्या मंडळीसाठी कायमचा नियम काढायचा नाही. दुसरा आक्षेप असा की दुबळ्याचं नाव पुढे करून कुणीही काहीही खपवेल. खपवू शकतो. म्हणून निर्णयाची झळ कुणाला बसते ते पाहावं. निर्णय घेणाऱ्याची सोय आणि दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर तो विवेक नव्हे, कितीही वचनं पाठ असली तरी.

हीच कसोटी बाहेरून मदत घेऊन येणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनाही लागू आहे. तांदूळ, औषध, वह्या देताना प्रार्थनेचं आमंत्रण जोडावं का? जोडू नये. जो कधीच उपासनेला येणार नाही त्याच्या घरीही तेवढंच माप पोचलं पाहिजे. त्याविना मदतीवर गावाचा संशय राहणार, आणि तो रास्तही असणार. मुंबई-ठाण्यातल्या सुखवस्तू ख्रिस्ती माणसालाही यातून सुटका नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणं भरतात शहापुरात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाटही शहापुरातलीच गावं बघतात. आपली इमारत, आपलं चर्च ज्या विटांनी उभं राहिलं त्या कुणी थापल्या आणि त्याला हिशेब मिळाला का, हे आपण विचारत नाही.

या दोन तालुक्यांतल्या पाळकांना माझी विनंती आहे. यंदा दिवाळीच्या आधीचा एक रविवार उचलीसाठी राखून ठेवा. किती उचल घेतली, हजारी विटांचा दर काय ठरला, खर्ची किती, हे प्रत्येक कुटुंबाच्या स्वतःच्या वहीत लिहून द्या. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनाही बोलवा. हंगाम सरल्यावर ती वही घेऊन हिशेबाला त्यांच्यासोबत जा, आणि मालकाने नकार दिला तर तहसील कार्यालयातही जा.