वेठीचे साथीदार

डहाणू-तलासरीच्या वेठबिगारीचा इतिहास सांगताना आपण सावकाराचं नाव घेतो आणि तिथेच थांबतो. पण एकट्या सावकाराला इतक्या वारली कुटुंबांना पिढ्यानपिढ्या राबवणं जमलं असतं का? पावसाळ्यात खावटी म्हणून दिलेलं भात सुगीला दीडपट मोजून घेणारा दिवाणजी होता. कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेणारा होता, त्याखाली साक्षीदार म्हणून सही ठोकणारा होता. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण, म्हणजे लग्नगडी, बायकोसकट मालकाच्या घरी राबे. तो पळालाच तर त्याला धरून आणणारी माणसं होती. आणि हे सगळं दिसत असूनही न पाहणारा सरकारी अंमलदार होता.

कायद्याला ही माणसं अनोळखी नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७४ सक्तीनं काम करून घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगत होतं. त्याच संहितेच्या कलम १०७ नं अपप्रेरणेचे तीन मार्ग नोंदवले: गुन्ह्याला चिथावणं, त्याच्या कटात सामील होणं, जाणूनबुजून मदत करणं. कायद्यानं करायलाच हवं ते मुद्दाम न करणं, हीही मदतच धरली होती. शिवाय जो गुन्हा रोखणं आपलं काम आहे त्याचा बेत लपवणाऱ्या सरकारी नोकरासाठी कलम ११९ वेगळं होतं. एवढी हत्यारं हाताशी असताना वेठ आणखी ऐंशीहून अधिक वर्षं चालली. डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्यानं १९३९ च्या अहवालात लग्नगड्यांची दशा मुंबई सरकारपुढे मांडली. त्यानंतर तरी ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय उरली नव्हती.

वेठ मोडली ती वारल्यांनीच. २३ मे १९४५ रोजी झरी गावी, तेव्हाच्या उंबरगाव आणि आजच्या तलासरी तालुक्यात, किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली रोज घ्यायचा नाही, असं ठरलं. किसान सभेचे नेते शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर. पण लग्नगडी सुटले ते कोर्टाच्या हुकमानं नव्हे, लाल बावटा घेऊन मालकाच्या दारात गेलेल्या माणसांमुळे.

मग तलवाडा घडलं. तारीख १० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हकीगत लिहून ठेवली आहे. जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर आवई उठवली, की बाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला चला. पोलिसांकडे खबर गेली, की वारली दंगलीसाठी जमलेत. दोन्ही निरोप निघाले एकाच बाजूनं. रात्री बाईंच्या काळजीनं गोळा झालेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. चिथावणी, कट, मदत, कलम १०७ चे तिन्ही मार्ग त्या एका रात्रीत सापडतात. बंदी मात्र आली वारल्यांच्या सभांवर. हा अन्याय नोंदवताना आजही हात जड होतो, कारण आवई उठवणाऱ्यांना शोधण्यासाठी नवा कायदा लागणार नव्हता. इच्छा लागणार होती.

स्वातंत्र्यानंतर, १९७६ मध्ये, वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा झाला. वेठ घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्याचं कलम २० मला सर्वांत मोलाचं वाटतं: साथ देणाऱ्यालाही मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा, आणि ज्याला साथ दिली तो गुन्हा शेवटी घडला नाही तरीही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये अपप्रेरणेची जुनी व्याख्या तशीच टिकली आहे.

पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांना वीटभट्टीसाठी उचल देऊन नेणारे मुकादम आजही पाड्यांवर येतात. उचल फिटेपर्यंत अडकवून ठेवल्याची तक्रार आली, की भट्टीमालकापाशी चौकशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ती पुढे जायला हवी. पैसे वाटणारा मुकादम, हिशेबाची वही लिहिणारा, आणि ‘आपसात मिटवून टाका’ म्हणून फिर्याद न घेणारा कर्मचारी, यांपैकी कोणी जाणूनबुजून साथ दिली, हे जिल्ह्याच्या दक्षता समितीनं प्रत्येक प्रकरणात तपासावं. ज्यांनी दिली, त्यांच्यावर कलम २० लावावं. मुक्ती दाखला मजुराच्या हाती देताना ही नावं गुन्ह्याच्या कागदावर आलेली असली पाहिजेत.