शुक्रवार गेला कुठे?

सगळं एका झटक्यात बदलून टाकायची खाज काही जणांना असते. अस्मादिक त्यातलेच!

नोकरीला रामराम ठोकून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा मुलुंडच्या एका काकूंचं काम मिळालं. त्यांचा घरगुती मसाल्यांचा बिझनेस. दर शुक्रवारी सकाळी त्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर एक रेसिपी पाठवायच्या. साधीच, टायपिंगच्या चुकांसकट. मी म्हटलं, 'काकू, हे फारच जुनं झालं. आता रोज रील टाकायचं!'

झालं. शुक्रवार गेला, रेसिपी गेली, काकूंची भाषाही गेली. चकचकीत व्हिडिओ सुरू झाले. लाइक्स आले, मी जाम खूश! दीड महिन्यानं काकूंनी काही न बोलता ऑर्डरची वही पुढे सरकवली. नेहमीची बरीच नावं गायब. भांडुपच्या एका बाईंनी तर फोन करून विचारलं होतं, 'अहो, तुमची रेसिपी वाचून मी शनिवारची भाजी आणायचे. बंद का केलीत?'

माझा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याहून वाईट म्हणजे, नेमकं काय चुकलं तेही सांगता येईना. वार, प्रकार, भाषा, तिन्ही एकदम बदललेलं. दोष कुणाला देणार?

घरी येऊन बाबांकडे रडगाणं गायले, तर ते थेट बिनाका गीतमालेवर घसरले. पण विचार केला, तर खरंच की! टूथपेस्ट खपवण्यासाठी रेडिओवर गाणी, म्हणजे आपलं कंटेंट मार्केटिंगच. १९५२च्या डिसेंबरात हा कार्यक्रम रेडिओ सिलोनवर सुरू झाला. अमीन सयानी मुंबईत रेकॉर्डिंग करायचे आणि टेप कोलंबोला जायची. सुरुवातीला अर्धा तास, सात गाणी आणि त्यावर श्रोत्यांसाठी स्पर्धा. पत्रांचा असा पाऊस पडला की ती आवरेनात. मग १९५४मध्ये स्पर्धा बंद करून तासाभराची हिट परेड केली. गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या खपावरून लागायचा. पण खप फुगवताही येतो, हे ध्यानात आल्यावर श्रोता संघांच्या मतांची जोड दिली. चूक दिसली की दुरुस्ती. पण सिलोनवर बुधवारची रात्र आणि 'बहनो और भाइयो' म्हणणारा तो आवाज, हे मात्र कायम! लोक घड्याळ लावून बसायचे ते त्यासाठीच.

मी नेमकं उलटं केलं होतं. ज्याची लोक वाट बघायचे, तेच आधी उडवलं.

मग काकूंच्याच शब्दांत सगळ्यांना मेसेज गेला, 'चुकलं आमचं. शुक्रवारची रेसिपी परत सुरू.' आता नियम एकच. एका वेळी एकच बदल, तोही आधी सांगून. चार आठवडे थांबायचं आणि लाइक्स नाही, ऑर्डरची वही बघायची. पहिला बदल म्हणून रेसिपीसोबत फक्त एक फोटो टाकला. चालला. रील? ते नंतर बघू.

गेलेली सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत, हेही खरंच. पण भांडुपच्या बाई आल्या. परवा काकूंनी त्यांचा मेसेज दाखवला, 'या वेळी मीठ किती ते लिहायला विसरलात.'

म्हणजे वाचतायत हो!