क्रीडांगणे कोणाच्या उपयोगाची?

मोठ्या क्रीडांगणाविषयी लिहावयाचे म्हणजे तेथे प्रेक्षक किती बसतात आणि खर्च किती आला हे सांगावयाचे, असा शिरस्ताच पडून गेला आहे. आमच्या मते हे मोजमाप अपुरे आहे. सामन्यांचे मोजके दिवस सोडले तर ती प्रचंड वास्तू कोणाच्या आणि कोणत्या उपयोगी पडते, हे पाहावयास हवे. जपानात या प्रश्नाची बरी-वाईट दोन्ही उत्तरे सापडतात.

योकोहामाचे स्टेडियम घ्या. १९९८ साली उघडले, सुमारे ७२ हजार माणसे बसतील एवढे. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलचा ब्राझील-जर्मनी अंतिम सामना येथेच झाला. क्रीडाप्रेमींना एवढे ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की त्सुरुमी नदीच्या पुराचे पाणी मुद्दाम आत घेण्यासाठी राखलेल्या सखल जागेत ते उभे आहे. नदी तशी लहान. पण तिच्या दोन्ही अंगांना शहर वाढले, शेते जाऊन डांबर आले, आणि पडलेला पाऊस एकदम नदीत धावू लागला. म्हणून बांधाचा एक भाग जाणूनबुजून ठेंगणा ठेवला आहे. नदी फार चढली की पाणी तेथून ओसंडून बागेत आणि खेळाच्या मोकळ्या पटांगणांत शिरते. ३९ लाख घनमीटर पाणी मावेल, एवढी तेथे सोय आहे. मग स्टेडियमचे काय? ते हजारावर खांबांनी उचलून धरले आहे. नदी उतरली की दरवाजे उघडून पाणी परत तिच्या पात्रात सोडावयाचे.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी हागिबिस नावाचे वादळ आले. जपानात ठिकठिकाणी बांध फुटले, माणसे दगावली. त्सुरुमीकाठच्या या जागेने मात्र सुमारे ९ लाख ४० हजार घनमीटर पाणी पोटात घेतले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तेथे रग्बी विश्वचषकाचा जपान-स्कॉटलंड सामना ठरलेला होता. आणि तो झाला! मृतांसाठी आधी सारे स्तब्ध उभे राहिले, मग ६७ हजारांवर प्रेक्षकांसमोर जपानने २८-२१ असा विजय मिळवून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. वृत्तपत्रांनी विजयाचे गोडवे गायिले, ते योग्यच. आमचे लक्ष मात्र त्या खांबांकडेच वळते.

सगळीकडे असे शहाणपण दिसत नाही. साप्पोरोच्या घुमटाखालच्या स्टेडियमची करामत अशी, की फुटबॉलची हिरवळ अख्खीच्या अख्खी बाहेरून आत सरकवता येते. परंतु घर चालत होते ते भाडे भरणाऱ्या बेसबॉल संघाच्या जिवावर. त्या संघाने २०२३ पासून शेजारच्या किताहिरोशिमात स्वतःचे मैदान थाटले आणि घुमटाचा कारभार तोट्यात आला. यंत्राची कमाल झाली, पण भाडेकरूचे मन कोणी राखले नाही!

टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमची कथा याहून गंभीर आहे. त्याच जागी पूर्वी असलेल्या क्रीडांगणावर २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, भर पावसात, हजारो विद्यार्थ्यांना युद्धावर निरोप देण्यात आला. खांद्यावर बंदुका घेऊन ती मुले संचलन करीत गेली. पुढे १९५८ साली तेथे नवे स्टेडियम झाले आणि १९६४ चे ऑलिंपिक त्यात भरले. २०१५ साली तेही पाडले. त्याच्या जागी योजलेल्या आराखड्याचा खर्च २५२ अब्ज येनवर जाताच लोकांनी ओरड केली, तेव्हा सरकारने तो रद्द केला. आजची वास्तू २०१९ साली पुरी झाली, आणि २०२१ च्या ऑलिंपिकला साथीमुळे प्रेक्षकच नव्हते. आपल्या नीरज चोप्राचा ८७.५८ मीटरचा सुवर्णभाला ७ ऑगस्टला त्या रिकाम्या बाकांपुढेच पडला.

आमची खरी आवड विचाराल तर ती १९२४ साली उघडलेल्या कोशिएनची. ते एका रेल्वे कंपनीचे मैदान. तिचा व्यावसायिक बेसबॉल संघ तेथे खेळतो. पण ऑगस्टात शाळकरी मुलांची स्पर्धा सुरू झाली की या मालकांच्या संघाला बिऱ्हाड उचलावे लागते. त्या उन्हाळी वणवणीला लोक ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणतात. इकडे मैदानावर हरलेली मुले गुडघे टेकून, रडत रडत, तिथली काळी माती पिशवीत भरत असतात.