कबर जावी, नाव का जावे?

जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानातील मधुबाला, मोहम्मद रफी, साहिर लुधियानवी अशांच्या पक्क्या कबरी २०१० साली काढण्यात आल्या. नव्या मय्यतींना जागा हवी होती. चाहत्यांनी गळे काढले, आणि आपल्याकडच्या काहींनी शरियतचा हवाला देऊन विषय मिटवून टाकला. आम्हाला दोघांचेही म्हणणे मान्य नाही.

मुंबईत जिवंत माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे मेलेल्याने ती कायमची अडवावी काय? मधुबाला १९६९ मध्ये गेली, रफी आणि साहिर १९८० मध्ये. त्यांच्या जागेवर उद्या एखाद्या हातगाडीवाल्याची मय्यत उतरली, तर त्यात त्यांचा अपमान कसला? कबर पक्की करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, अशी हदीस आहे. ती गरिबाच्या बाजूची आहे, कारण संगमरवर त्याला परवडतच नाही.

पण हदीस सांगणाऱ्यांनी ती पुरी सांगावी. उस्मान बिन मजऊन यांच्या दफनानंतर पैगंबरांनी (स.) स्वतः एक जड दगड उचलून कबरीच्या उशाशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी, हे कारणही सांगितले. इमारत वेगळी, खूण वेगळी. आपण दोन्ही एकाच फावड्याने उकरून टाकली.

आता खूण कोणती? रफीसाहेबांचे चाहते त्यांच्या जयंती-पुण्यतिथीला येतात ते जवळच्या नारळाच्या झाडावरून अंदाज बांधतात. नारळाचे झाड! एखाद्या पावसाळ्यात ते पडले म्हणजे तेही संपले.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. शाळेत जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही असते. पोर शाळा सोडते, त्याचा बाक दुसऱ्याला मिळतो, पण वहीतले नाव कोणी खोडत नाही. पन्नास वर्षांनी नातू आला तरी आजोबांचा दाखला निघतो. कब्रस्तानातही दफनाची नोंद होतेच, फक्त ती कपाटात राहते. बाक खुशाल दुसऱ्याला द्या. दरवाजाशी एक साधा फलक लावा, त्यावर नाव आणि इंतकालचे साल, बस्स. मधुबालाचे मुमताज जहान हे खरे नावही लिहा.

उर्दू शिकून पोराला काय मिळणार, असे पालक आम्हाला विचारतात. ज्ञानपीठ मिळवणारे अली सरदार जाफरी याच मातीत आहेत. नौशाद २००६ मध्ये इथे आले, दिलीपकुमार २०२१ मध्ये. असा फलक असता तर आम्ही मुलांना थेट त्याच्यासमोर नेऊन उभे केले असते.

नाच-गाण्यावाल्यांची नावे कब्रस्तानाच्या दरवाजावर कशाला, असे कोणी म्हणेलच. त्यांच्या जनाज्याची नमाज पढताना हा सवाल का सुचला नाही?

आणि फलक नुसता उर्दूत नको. रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर मराठी गाणी गायिली, ती आजही घरोघर ऐकली जातात. ती ऐकणारा माणूस तिथे आला तर त्याला नाव वाचता आले पाहिजे. तेव्हा उर्दूच्या खाली मराठी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.