शिशुसंगोपन : सहलीच्या दिवशी मातेचे दूध

शाळांना सुट्टी लागली की घरातील थोरली मुले मनोरंजन उद्यानात जाण्याचा हट्ट धरतात. खोपोलीजवळचे इमॅजिका असो वा बेंगळुरूचे वंडरला, सकाळी निघालेले कुटुंब रात्रीच घरी परतते. अशा वेळी चार-पाच महिन्यांचे तान्हे मूल असलेल्या मातेला वाटते, आपण मागेच राहावे. तशी मुळीच आवश्यकता नाही. मूल जवळ असेल तेव्हा त्याला अंगावरच पाजावे. त्यात साठवणीचा प्रश्नच नाही. परंतु माता थोरल्या मुलाबरोबर चक्रीपाळण्यात बसली असता तान्ह्यास आजीने सांभाळावयाचे असेल, तर काढून ठेवलेले दूध हाताशी हवे.

आमच्या परिचयाच्या एका घरी सुनेने पहाटे दूध काढले, आणि नातवाला ते ऊन-ऊन मिळावे म्हणून सासूबाईंनी मोठ्या मायेने थर्मासमध्ये भरून घेतले. दुपारी कोणा जाणत्याने हटकले तेव्हा सारे ओतून द्यावे लागले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते साहजिकच होते. हेतू चांगला, पण साधन नेमके उलटे! थर्मास दूध कोमट राखतो, आणि कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. ताजे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत ४ तास टिकते हे खरे. पण मे महिन्यात नागपुरास वा हैदराबादेस २५ अंश आणावयाचे कोठून? तेथे या ४ तासांवर विसंबू नये.

पल्स पोलिओच्या दिवशी परिचारिकेच्या खांद्याला अडकवलेली पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. आत चहूबाजूंनी गोठवलेल्या बर्फाच्या पट्ट्या, मध्ये लस, आणि झाकण कामापुरतेच उघडावयाचे. आपणही तसेच करावे. घट्ट झाकणाची जाड पेटी किंवा पिशवी घ्यावी, बर्फाच्या पट्ट्या रात्रभर गोठवून दुधाच्या भांड्यांना लागून ठेवाव्यात. अशा रीतीने दूध २४ तासांपर्यंत सुरक्षित राहते. मुलांचे सरबत मात्र त्या पेटीत ठेवू नये, नाही तर झाकण दर दहा मिनिटांनी उघडेल. पेटी वडिलांनी सांभाळावी, आणि उन्हात ठेवू नये.

दूध काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. घट्ट झाकणाची लहान भांडी उकळून कोरडी करावीत, प्रत्येकात ६० ते १०० मिलिलिटरच दूध घालावे आणि वर वेळ लिहावी. उद्यानात काढलेले ताजे दूध थंड दुधात तसेच मिसळू नये. आधी ते वेगळे थंड होऊ द्यावे. दिवसभर पाजणे झाले नाही तरी नेहमीच्या वेळी दूध काढलेच पाहिजे, एरवी स्तन दाटून ठणकू लागतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास अनेक उद्यानांत मनाई असते. तेव्हा शिशूच्या दुधाविषयी, तसेच स्तनपानासाठी स्वतंत्र खोली आहे काय याविषयी, आधीच दूरध्वनीवरून विचारून घ्यावे.

गाईचे दूध आपण उकळतो म्हणून हेही उकळावे असे पुष्कळांना वाटते. तसे करू नये; त्यातील रोगप्रतिकारक घटक उष्णतेने नष्ट होतात. उपाहारगृहातून गरम पाणी मागून त्यात भांडे थोडा वेळ धरावे, एवढे पुरे. वर साय आलेली दिसली तर दूध नासले असे समजू नये. हलकेच फिरवताच ती मिसळते. स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. ऊन केलेले किंवा मुलाने उष्टे केलेले दूध २ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. अकाली जन्मलेल्या किंवा आजारी मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

रात्री घरी आल्यावर पेटीतील दूध अजून गार असेल, तर ते शीतकपाटात आतल्या बाजूस ठेवावे, दारातील फळीवर नव्हे. तेथे ते ४ दिवस चालते. दिवस मात्र दूध काढले त्या वेळेपासून मोजावयाचे.